बाग, गच्ची आणि अंगणासाठी लाकडी फर्निचर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी-मार्चमध्ये लोक गच्चीसाठी बाक-टेबल बघायला लागतात आणि ऑगस्टमध्ये मला फोटो येतात: पाय काळे पडलेत, पॉलिश सोलून निघालंय, जोड हलतोय. सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये बसून दोन्ही हंगामांत ज्या प्रश्नांची उत्तरं मी पुन्हा पुन्हा देतो, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्र-गोव्यातला पाऊस धरून आहेत. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरातलं जुनं डायनिंग टेबल गच्चीत ठेवलं तर चालेल ना? शेवटी लाकूडच आहे.

पक्क्या छताखाली, जिथे पावसाची झड पोचत नाही, तिथे चालेल. उघड्यावर पहिल्या पावसाळ्यातच त्याचे हाल होतील. घरातल्या टेबलाचा माथा सलग असतो, फळ्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, पाण्याला खाली जायला जागाच नसते. वरचं पॉलिश घरातल्या हवेसाठी केलेलं असतं (प्रश्न ९), स्क्रू साधे लोखंडी असतात आणि खणांच्या तळाला बहुतेक वेळा प्लाय किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) असतं. एमडीएफ भिजलं की पावासारखं फुगतं आणि पुन्हा बसत नाही.

शिवाय लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगतं-आकसतं. विदर्भातल्या मे महिन्यात उघड्यावरच्या लाकडातला ओलावा ४-५ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. कोकणात जुलैमध्ये तो १८ टक्क्यांच्या आसपास जातो. एवढ्या फरकात सागाची १०० मिलिमीटर रुंद फळी दोन-अडीच मिलिमीटर हलते. सलग माथ्यात अशा दहा फळ्या असल्या की कुठेतरी चीर पडणारच.

२. बाहेरसाठी साग एके सागच का? आंबा, बाभूळ, फणस, शिसव का नाही?

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं आणि वाळवी व बुरशीला न मानवणारी द्रव्यं असतात. तो पाण्याने फार हलत नाही, रंध्याखाली चांगला चालतो आणि वजनाने मध्यम असतो. हे सगळे गुण एकत्र असलेलं, आपल्याकडे सहज मिळणारं दुसरं लाकूड नाही. बजेट असेल तर डोळे मिटून साग घ्या, पण प्रश्न ५ वाचून.

शिसव उत्तम आणि टिकाऊ, पण महाग आणि जड. उन्हात त्याचा गर्द रंग उडतो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच जातं. फणस कोकणात देव्हाऱ्यांपासून दारांपर्यंत वापरतात. वळचणीखाली तो छान टिकतो. ऐन आणि किंजळ घराच्या वाशांना वापरली जाणारी जुनी, दणकट लाकडं. ऐन मात्र उन्हात तडकतो, म्हणून त्याचे पाय करा, बसायच्या फळ्या नकोत. शिवण हलकी आणि न वाकणारी, पण जमिनीच्या ओलीजवळ नको. बाभूळ मजबूत असते, तरी लांब सरळ फळी मिळणं कठीण.

आंबा, रबर आणि साधं पाइन उघड्यावर नकोच. आंब्याला भुंगेरा लवकर लागतो आणि ओल धरली की तो आतून पोकळ होतो. ‘अकेशिया’ म्हणून जे आयात सेट विकतात, ती ऑस्ट्रेलियन बाभळीच्या कुळातली लाकडं. अर्धवट छताखाली, दरवर्षी तेल दिलं तर ती चांगली चालतात.

३. दुकानदार सीपी, बर्मा, घाना, दांडेली अशी नावं घेतो. यातलं चांगलं कोणतं?

सीपी म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा, ब्रिटिशकालीन मध्य प्रांताचा साग. आपल्याकडे तो मुख्यतः चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून येतो. बल्लारशाहच्या डेपोत महाराष्ट्र वनविकास महामंडळाचा लिलाव होतो आणि अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग गेला तो तिथूनच. सावकाश वाढलेला, दाट रेषांचा, सोनेरी-तपकिरी. कर्नाटकातल्या दांडेलीचा सागही नावाजलेला आहे.

बर्मा टीक सरळ रेषांचा आणि तेलकट. पण म्यानमारने २०१४ च्या एप्रिलपासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. म्हणून ‘बर्माचा ओंडका नुकताच उतरलाय’ असं कुणी म्हटलं तर कागद मागा. घाना, बेनिन, इक्वाडोर, कोस्टारिका इथून येतो तो लागवडीचा साग. त्यात वाईट काही नाही. झाड लवकर तोडलेलं असेल तर पांढरा भाग (प्रश्न ५) जास्त आणि रेषा विरळ असतात, एवढं बघायचं. ओंडक्याचं गाव विचारण्यात वेळ घालवण्यापेक्षा समोरच्या फळीचं टोक बघा. तिथे वयाच्या रेषा दिसतात: जवळजवळ असतील तर झाड सावकाश वाढलंय.

४. साग खरा आहे हे घरच्या माणसाला कसं कळणार?

फर्निचर उलटं करून बघा. वरून पॉलिश असतं, खालून सहसा फक्त लाकूड असतं. वरचा रंग गर्द आणि खालचा पांढुरका असेल तर रंग चढवलेला आहे. पॉलिश न केलेल्या जागी बोट फिरवल्यावर हाताला किंचित मेणचट लागतं. ताज्या तासलेल्या सागाला चामड्यासारखा वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. सुताराकडून करून घेत असाल तर तुमच्यासमोर रंधा मारायला सांगा आणि भुगा हातात घेऊन वास घ्या.

वजनाचा अंदाजही घ्या. सुकलेला साग घनफुटाला सुमारे १८ किलो भरतो. चार फुटी बाक एका हाताने सहज उचलला जात असेल तर तो एक तर हलक्या लाकडाचा आहे किंवा फळ्या फार पातळ आहेत.

५. सागच आहे, पण कडेला पांढरा पट्टा दिसतो. दुकानदार म्हणतो ‘तोही सागच’. घ्यावं का?

तो खोटं बोलत नाही, पण उघड्यावरच्या फर्निचरसाठी घेऊ नका. झाडाच्या सालीलगतचा हा पांढरा-पिवळट भाग जिवंतपणी पाणी वाहून नेत असतो. गाभ्यातलं तेल आणि ती कडू द्रव्यं त्यात नसतात. वाळवी, भुंगेरा आणि बुरशी सागाच्या गाभ्याला शिवत नाहीत, या भागावर मात्र तुटून पडतात.

मी स्वतः हे पैसे देऊन शिकलो. वर्कशॉप सुरू होण्याआधी एका शोरूममधून सागाच्या सहा खुर्च्या घेतल्या होत्या, कोकणातल्या घराच्या अंगणासाठी. वरून सुंदर, एकसारखा तपकिरी रंग. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका खुर्चीच्या हातावर अंगठा दाबला तर तो अर्धा पेर आत गेला. रंग खरवडला तेव्हा दिसलं, की हाताच्या फळीचा निम्मा भाग पांढरा होता आणि तेवढाच कुजला होता. त्याच फळीचा उरलेला गाभा ठणठणीत. एकाच झाडाचे दोन भाग, चार इंचांच्या अंतरात. तेव्हापासून मी कोणाचंही फर्निचर बघताना आधी खाली वाकतो.

बारीक कड, तीही पाठीच्या वरच्या पट्टीत असेल तर चालवून घ्या. पायांत आणि बसायच्या फळ्यांत अजिबात नको. आणि हा पट्टा लपवायला गर्द स्टेन मारलेला असेल तर पूर्ण सेटच सोडा.

६. लाकूड सुकलेलं आहे का, हे कसं तपासू?

दोन पिनांचा ओलावा मोजायचा मीटर ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळतो. पाच-सहा जणांनी मिळून एक घेतला तरी फिटतो. देशावर १०-१२ टक्के, किनारपट्टीला १२-१५ टक्के ओलावा असलेलं लाकूड घ्या. २० च्या वर आकडा दिसला तर काम सुरू करू देऊ नका.

मीटर नसेल तर सुताराला विचारा, फळ्या कापून किती दिवस झाले. नुसत्या हवेत सुकवताना इंचभर जाडीला साधारण वर्ष लागतं असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. भट्टीत हेच काम काही दिवसांत ते आठवड्यांत होतं. ‘काल कापलं, परवा बाक तयार’ असं कुणी म्हणत असेल तर उन्हाळ्यात तो बाक जोडांत सुटणार.

७. जोड चांगला आहे हे कसं बघायचं? सगळे आतून असतात.

पाय आणि आडवी पट्टी जिथे भेटतात ती जागा महत्त्वाची. चांगल्या कामात पट्टीचं टोक कोरून पायातल्या खाचेत बसवलेलं असतं, म्हणजेच खाच-कुसूचा जोड. बऱ्याचदा त्यातून आरपार लाकडी खुंटी मारलेली असते आणि तिचा गोल ठिपका बाहेरून दिसतो. हा ठिपका दिसला की मला बरं वाटतं. नुसते आडवे स्क्रू मारून किंवा आतून पत्र्याचा कोन लावून केलेला जोड दोन-तीन वर्षांत डुलतो.

तपासणी सोपी: बाकाच्या एका टोकाला हात धरून तिरका ढकला. करकर आवाज आला किंवा आडव्या पट्टीशी फट उघडझाप करताना दिसली तर नको. जोडांभोवती लांबी (फटी बुजवायची पुट्टी) भरलेली असेल तर तीही शंकेची जागा, कारण नीट बसलेल्या जोडाला लांबी लागत नाही. गोंद पाण्याला टिकणारा आहे का, हे विचारा. साधा पांढरा फेव्हिकॉल उघड्यावर धरत नाही, त्यासाठी वॉटरप्रूफ प्रकार किंवा इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा पक्का गोंद) लागतं.

८. स्क्रू आणि बोल्ट कोणते हवेत?

स्टेनलेस स्टील, ३०४ दर्जाचं. समुद्रापासून जवळ असाल तर ३१६. पितळही चालतं. चकचकीत मुलामा दिलेले लोखंडी स्क्रू सगळ्यात फसवे: मुलामा पहिल्या वर्षात जातो आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंडाची गाठ पडून स्क्रूभोवती काळा ओघळ उतरतो. दुकानात चुंबक लावून बघा. ३०४ आणि ३१६ ला तो जवळजवळ चिकटत नाही.

९. पॉलिश कोणतं करून घेऊ: मेलामाइन, पीयू की तेल?

मेलामाइन आणि लाखेचं फ्रेंच पॉलिश घरातली आहेत. पाणी साचलं की लाखेवर पांढरे डाग पडतात, मेलामाइन उन्हात तडकून सोलतं.

बाहेरचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन (डब्यावर एक्स्टिरियर लिहिलेलं बघून घ्या), दोन-तीन वर्षं देखणा राहतो. नंतर कुठेतरी केसाएवढी चीर पडते, पाणी पॉलिशखाली शिरतं आणि तिथे काळं पडतं. मग पूर्ण घासून पुन्हा करावं लागतं. छताखालच्या जागेसाठी पीयू घ्या.

उघड्यावरच्या सागाला मी तेलच सुचवतो, किंवा काहीच नाही (प्रश्न १०). ‘टीक ऑइल’ नावाने मिळतं ते सागाच्या झाडापासून काढलेलं नसतं, बहुधा जवस किंवा टंग (एका झाडाच्या बियांचं) तेल आणि रेझिन यांचं मिश्रण असतं. बुरशीरोधक असलेलं घ्या, कारण नुसत्या जवस तेलावर आपल्या पावसाळ्यात काळी बुरशी धरते. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये लाकूड कोरडं झालं की एक हात आणि मेच्या मध्यात एक हात पुरतो.

एक गोष्ट नक्की पाळा. जवस तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना गरम होतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

१०. सागाचा बाक राखाडी झाला. फसवलं गेलं का?

नाही. उन्हाने लाकडाच्या वरच्या थरातला तपकिरी घटक तुटतो, पाऊस तो धुऊन नेतो आणि चंदेरी राखाडी रंग उरतो. हा बदल मिलिमीटरभरही खोल नसतो, ताकदीला धक्का लागत नाही. काही जण मुद्दाम असाच ठेवतात. आमच्या अंगणातला बाकही तसाच आहे.

सोनेरी रंग परत हवा असेल तर मऊ ब्रश आणि साबणाने रेषांच्या दिशेने घासा. काळे लोखंडी डाग असतील तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ऑक्झॅलिक अॅसिड लिटरभर पाण्यात सुमारे ६० ग्रॅम घालून लावा, पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच. वाळल्यावर हलका पॉलिशपेपर, मग तेल. उच्च दाबाच्या पाण्याच्या यंत्राने धुऊ नका, लाकडाचा मऊ भाग खरवडून निघतो.

११. दोन बाक समोर आहेत, दोन्ही चांगल्या सागाचे. निवड कशावर करू?

पाणी कुठे थांबतं यावर. इतक्या वर्षांत मी जे कुजलेलं फर्निचर उघडून बघितलं, त्यात कूज नेहमी तिथेच होती जिथे पाणी अडकलं होतं. भर माथ्यावर क्वचित.

दुकानात तांब्याभर पाणी मागा आणि बाकावर ओता. दुकानदार हरकत घेणार नाही, घेतली तर तेही एक उत्तरच आहे. दहा मिनिटं थांबा. फळ्यांत ५ ते ८ मिलिमीटरची फट असेल तर पाणी खाली गळून जाईल. मग बोटाने तपासा: बसायच्या फळीच्या मागच्या कडेला, जिथे पाठीच्या पट्ट्या खालच्या आडव्या पट्टीत रुततात, तिथे डबकं राहिलंय का? पाठीच्या उभ्या पट्ट्यांसाठी कोरलेल्या खाचा वरून उघड्या असतील तर त्या छोट्या वाट्याच आहेत, पाण्याने भरून राहणाऱ्या. चांगला सुतार त्या खाचेला खालून बारीक भोक पाडून वाट करून देतो. हाताच्या फळीला आणि वरच्या पट्टीला किंचित उतार किंवा गोलाई असावी. कोरीव नक्षी जितकी खोल, तितकं पाणी जास्त. नक्षी हवीच असेल तर उभ्या भागावर असू द्या.

मग पाय. लाकूड टोकाकडून पाणी नळीसारखं वर ओढतं. पायाच्या तळाला इपॉक्सी मारलेलं आहे का आणि खाली रबराचा किंवा नायलॉनचा बूट आहे का, ते बघा. नसेल तर घरी आणून करा, दोनशे रुपयांचं काम आहे. अंगणात मातीवर थेट ठेवू नका. प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा किंवा जांभ्याचा चिरा ठेवा.

१२. कोकणात डिंबेल लावायची पद्धत आहे. फर्निचरला लावू का?

डिंबेल म्हणजे काजूच्या टरफलाचं तेल. होड्यांना आणि घराच्या लाकडांना ते पिढ्यान्‌पिढ्या लावलं जातं आणि वाळवी त्यापासून लांब राहते. पण ते कातडीला भाजतं, फोड येतात, आणि लाकूड काळं पडतं. म्हणून जिथे अंग लागतं तिथे नको. पायांच्या तळाला आणि खालच्या दोन-तीन इंचांना लावा, नीट वाळू द्या. मुलं खेळत असतील तर तेवढंही टाळा.

१३. पावसाळ्यात ताडपत्रीने गुंडाळून ठेवलं तर सुरक्षित ना?

गच्च गुंडाळलं तर उघड्यावर भिजण्यापेक्षा वाईट. आतली वाफ बाहेर पडत नाही, चार दिवसांत पांढरी बुरशी येते. छताखाली न्यायची सोय असेल तर न्या आणि उघडंच ठेवा. नसेल तर ताडपत्री वरून तंबूसारखी ताणा, बाजू मोकळ्या राहू द्या. चांगल्या सागाचा, नीट पाणी निथळणारा बाक झाकलाच नाही तरी चालतं. गाद्या मात्र घरात.

१४. बाहेरच्या वापराला मरीन प्लाय चालेल का?

आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याच्या मरीन प्लायचा गोंद उकळत्या पाण्याला टिकतो, पण आतले थर लाकडाचेच आहेत आणि कडा उघड्या असतात. ऊन-पाऊस दोन्ही लागलं की कडेपासून सुटायला लागतं. छताखालच्या टेबलाला, कडांना सागाची पट्टी मारून, चालेल. बसायला नको.

१५. सुताराकडून चार फुटी बाक करून घ्यायचा आहे. लाकूड किती लागेल? तो सांगेल तेवढे पैसे द्यायचे का?

हिशोब स्वतः करता येतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागा: घनफूट मिळतात. बसायची एक फळी ४ फूट लांब, अडीच इंच रुंद, एक इंच जाड असेल तर ४ × २.५ × १ = १०, भागिले १४४, म्हणजे ०.०७ घनफूट. अशा सहा फळ्या ०.४२.

पाठ आणि हात असलेल्या, अडीच इंची पायांच्या साध्या बाकाला तयार लाकूड १.९ घनफुटांच्या आसपास बसतं. कापणी, रंधा आणि पांढरा भाग काढण्यात पाव भाग तरी जातो, म्हणून अडीच घनफूट धरा. मागचे पाय तिरके असतात, ते रुंद फळीतून कापावे लागतात आणि तिथेच जास्त लाकूड वाया जातं. कोणी चार घनफूट सांगितले तर प्रत्येक तुकड्याची यादी मागा. उलट, कोणी सव्वा घनफुटात करून देतो म्हणाला तर जाडी कमी होणार आहे. पांढरा भाग मजुरीत धरायचा की लाकडाच्या भावात, हे आधीच ठरवा. भांडण नेहमी याच मुद्द्यावर होतं.

१६. जुन्या वाड्याचं सागवान मिळतंय. घेऊ का?

घ्या. पडणाऱ्या वाड्यांमधून आणि चाळींमधून निघालेला साग बहुधा जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडांचा असतो आणि पूर्ण सुकलेला असतो. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याला असं लाकूड आणि फर्निचर मिळतं. भिंतीत रुतलेली टोकं कापून टाका, ओल तिथेच धरलेली असते. पटाशीने टोचून बघा: खणखणीत आवाज आला पाहिजे, भसकन आत गेली तर नको. आत तुटलेले खिळे असतात, म्हणून कापणीआधी लोहचुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवा, नाहीतर आरा जातो. जुना तैलरंग घासून काढताना मास्क लावा, त्यात शिसं असू शकतं.

१७. आमच्या बांधावर सागाची झाडं आहेत. तोडून फर्निचर करता येईल ना? झाड आमचंच आहे.

झाड तुमचं, पण परवानगी लागते. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या सूचीत साग आहे. तोडण्याआधी वन विभागाकडे अर्ज, मग तोडलेल्या मालावर हातोड्याचा शिक्का आणि तो हलवायला वाहतूक परवाना. शहरात असाल तर १९७५ चा वेगळा कायदा लागतो आणि महापालिकेकडे अर्ज करावा लागतो. सॉ मिलवाला परवाना विचारेल, नाही विचारला तर तिथे देऊ नका.

दुसरी अडचण लाकडाची. १५-२० वर्षांच्या बांधावरच्या सागात पांढरा भाग बराच असतो (प्रश्न ५). पायांना आणि फळ्यांना फक्त गाभा वापरला तर हाती येणारं लाकूड तुमच्या अंदाजाच्या निम्मंही भरत नाही.

१८. बागेत झोपाळा लावायचा आहे. बाकाचेच नियम का?

लाकडाचे नियम तेच, जोर वेगळा. झोका घेताना कड्यांवर येणारा भार बसलेल्यांच्या वजनापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून फळी दीड इंचाहून पातळ नको आणि कडीचा बोल्ट फळीतून आरपार जाऊन खाली रुंद वायसर आणि नटाने आवळलेला हवा. लाकडात नुसती फिरवलेली कडी निघून येते. बोल्टाच्या भोकात इपॉक्सी भरा, पाणी तिथूनच शिरतं. साखळी स्टेनलेसची. दर मे महिन्यात नट आवळून बघा, घरातल्या मुलांना बसवण्याआधी.

१९. एकाच पायाचा तळ कुजलाय. अख्खा बाक टाकावा लागेल का?

नाही. कूज कुठपर्यंत गेली ते पटाशीने टोचत वर जाऊन बघा, घट्ट लाकूड लागलं की तिथून दोन इंच वर तिरका काप घ्या. त्याच तिरकसात सागाच्या गाभ्याचा नवा तुकडा बसवून इपॉक्सीने चिकटवा आणि आरपार दोन खुंट्या मारा. बाकीचे तीन पायही तेव्हाच तपासा, एक कुजला असेल तर उरलेल्यांच्या तळाला ओल पोचलेली असते. नवा तुकडा सुरुवातीला सोनेरी दिसेल आणि डोळ्यांत भरेल. बाक राखाडी असेल तर रंग जुळायला साधारण दोन पावसाळे जातात.